हक्क आहे, पण अर्ज कुणी करायचा?

ऑक्टोबर 2021 मध्ये मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाबाहेरची एक पेटी अख्ख्या देशाने टीव्हीवर पाहिली. जामिनाचे आदेश त्या पेटीत टाकले जायचे आणि ठरलेल्या वेळी तुरुंगाचा कर्मचारी येऊन ती उघडायचा. शाहरुख खानच्या मुलाला उच्च न्यायालयाने गुरुवारी जामीन दिला. शुक्रवारी जामीनदार म्हणून जुही चावला स्वतः कोर्टात उभी राहिली. पण सुटकेचा कागद संध्याकाळी साडेपाचच्या आत पेटीपर्यंत पोहोचला नाही. झालं, ती रात्र आतच. शनिवारी तो बाहेर आला.

त्यावर तेव्हा बरेच विनोद झाले. मला मात्र त्यात एक हिशेब दिसला. नामवंत वकील दिमतीला, गेटवर गाड्या उभ्या, कॅमेऱ्यांची गर्दी, आणि तरीही एक रात्र वाया गेली. ज्याच्यासाठी कोर्ट ते तुरुंग एवढं अंतर धावणारं कुणीच नाही, त्याच्या किती रात्री जात असतील?

कैद्यांच्या हक्कांचा विषय निघाला की आपल्याकडे ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, गुन्हेगारांचे कसले लाड? दुसरी बाजू जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क देणारं राज्यघटनेचं कलम 21 काढते. या वादात मला फारसा रस उरलेला नाही, कारण कायद्याच्या पुस्तकात भारतीय कैद्याला हक्क कमी नाहीतच. फुकट वकील आहे, निकालाची फुकट प्रत आहे, औषधोपचार आहे, ठरावीक मुदतीनंतर जामीन आहे, छळाविरुद्ध दाद आहे. सर्वोच्च न्यायालयाचे यावरचे निकाल वाचले तर अभिमान वाटावा असे आहेत. अडचण पुढे आहे. यातला जवळजवळ प्रत्येक हक्क अर्ज केल्यावर मिळतो, आणि अर्ज करायला जे काही लागतं, म्हणजे मोकळे पाय, फोन, चार पैसे, ओळखीचा वकील, लिहिता-वाचता येणं, ते सगळं एक तर त्या माणसाकडे आधीपासून नव्हतं किंवा तुरुंगाच्या दारात काढून घेतलेलं असतं. कोंडलेल्या माणसाला मागून घ्यावा लागणारा हक्क व्यवहारात मेहेरबानीच ठरतो. म्हणून मागायचं ओझं कैद्याच्या डोक्यावरून उचलून, त्याला कोंडून ठेवणाऱ्याच्या डोक्यावर ठेवायला हवं, एवढंच माझं म्हणणं आहे.

आधी आत कोण आहे ते पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती. जागा होती 4,36,266 जणांची. आणि या माणसांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालू आहे, ज्यांना कुठल्याही न्यायालयाने दोषी ठरवलेलं नाही असे. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. निव्वळ कच्च्या कैद्यांनीच देशातले तुरुंग जवळपास काठोकाठ भरतात. शिक्षा झालेल्यांसाठी खरं तर जागाच उरत नाही. आर्थर रोडची अधिकृत क्षमता हजाराच्या आत आहे आणि आत त्याच्या तिपटीहून जास्त माणसं असतात हे मुंबईच्या वकिलांना पाठ आहे. तिथे बरॅकमध्ये रात्री कूस बदलायची तर शेजाऱ्याला सांगून बदलावी लागते. ‘गुन्हेगारांचे लाड’ म्हणणाऱ्याने निदान एवढं लक्षात घ्यावं, की चारांतल्या तिघांचा गुन्हा अजून ठरायचाच आहे.

जुने निकाल वाचताना मला दोन प्रकरणं पुन्हा पुन्हा आठवतात. दोन्ही महाराष्ट्रातली.

पहिलं 1965 चं. कम्युनिस्ट नेते प्रभाकर संझगिरी भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध होते. आत बसून त्यांनी सरकारच्याच परवानगीने अणूच्या अंतरंगाविषयी एक पुस्तक लिहिलं. मराठीत, आणि पूर्णपणे शास्त्रीय. हस्तलिखित छापण्यासाठी पत्नीकडे पाठवायचं म्हटल्यावर सरकारने नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. राज्य सरकारचा युक्तिवाद गमतीदार होता: स्थानबद्धांना काय काय करता येईल याची यादी नियमांत दिली आहे, तीत पुस्तक छापायला पाठवण्याचा उल्लेख नाही, म्हणून तो हक्क नाही. न्या. सुब्बाराव यांच्या पीठाने हे उलटं फिरवलं. नियमांत असतात ती बंधनं. ज्याच्यावर बंधन घातलेलं नाही ते स्वातंत्र्य माणसाकडे शिल्लकच असतं, तुरुंगाने ते त्याला वेगळं बहाल करायचं नसतं. मराठीत विज्ञानाचं पुस्तक लिहिणाऱ्या एका माणसामुळे भारतीय कैद्यांच्या हक्कांचा पाया घातला गेला, ही गोष्ट आपल्या शाळांमधून सांगितली जात नाही याचं मला नवल वाटतं.

दुसरं प्रकरण 1978 चं, होस्कोट नावाच्या एका प्राध्यापकाचं. विद्यापीठाच्या बनावट पदव्या छापण्याच्या प्रयत्नाबद्दल त्यांना उच्च न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा दिली. त्या निकालावर अपील करायचं तर निकालाची प्रत हवी. उच्च न्यायालयाने ती 1973 मध्येच येरवडा कारागृहाच्या अधीक्षकांकडे तातडीने पाठवली होती. होस्कोट म्हणाले, मला मिळालीच नाही. तुरुंगाचं म्हणणं, कारकुनामार्फत दिली होती, पण दयेच्या अर्जाला जोडायला म्हणून परत घेतली. होस्कोट यांची सही असलेली पोच मात्र कुठेच नव्हती. ते सर्वोच्च न्यायालयात पोहोचले तेव्हा चार वर्षांहून जास्त काळ गेला होता आणि शिक्षा भोगून झाली होती. अपील काही त्यांनी जिंकलं नाही. पण न्या. कृष्णा अय्यर यांनी त्या निमित्ताने नियम घालून दिला: निकालाची प्रत फुकट, ताबडतोब, आणि कैद्याची लेखी पोच घेऊन. हक्क आणि त्याचा उपयोग यांच्यामधला सगळा प्रवास एका कारकुनाच्या हातून होतो, हे त्या न्यायाधीशाला कळलं होतं.

तत्त्व संझगिरींच्या निकालात सापडलं आणि दुखणं होस्कोटांच्या निकालात. गेल्या साठेक वर्षांत तत्त्वावर थर चढत गेले. बिहारच्या तुरुंगांत गुन्ह्याच्या कमाल शिक्षेपेक्षा जास्त काळ खितपत पडलेल्यांचं हुसैनआरा खातून प्रकरण आलं, तिहारमधून सुनील बत्रा यांनी दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल लिहिलेलं पत्रच याचिका म्हणून दाखल झालं. दुखणं मात्र जिथल्या तिथे राहिलं.

जामिनाचंच बघा. आदेशात एक छापील वाटावं असं वाक्य असतं: ‘25,000 रुपयांच्या जातमुचलक्यावर आणि तेवढ्याच रकमेच्या एका लायक जामीनदारावर मुक्तता करण्यात यावी.’ जातमुचलका म्हणजे आरोपीची स्वतःची लेखी हमी. कोर्टाच्या दृष्टीने विषय संपला. खरी धावपळ इथून पुढची. जामीनदार स्थानिक हवा. त्याचं आधार कार्ड, रेशनकार्ड, सातबारा नाहीतर घरपट्टीची पावती, नोकरदार असेल तर पगारपत्रक, आणि कित्येक कोर्टांत वर ऐपतीचा दाखला. दाखला तहसीलमधून मिळतो, त्याआधी तलाठ्याचा अहवाल लागतो. भिवंडीच्या गोदामात माल उचलणाऱ्या उत्तर प्रदेशच्या पोराला, किंवा बीडहून ऊसतोडीला आलेल्या माणसाला सातबारावाला जामीनदार कुठून मिळणार? त्याला ओळखणारे सगळे त्याच्यासारखेच भाड्याच्या खोलीत राहणारे. गावाकडून आलेली आई किंवा बायको दिवसभर कोर्टाच्या आवारात झाडाखाली बसून असते, हातात प्लास्टिकच्या पिशवीत झेरॉक्सची चळत. साहेब जेवायला गेलेत, शिरस्तेदार रजेवर आहेत, आज व्हेरिफिकेशन होणार नाही, सोमवारी या. कोर्टाबाहेर पैसे घेऊन जामीन राहणारी धंदेवाईक माणसंही असतात. त्यांचा दर सगळ्यांना ठाऊक असतो, आणि व्यवस्था त्यांच्याकडे बघून न बघितल्यासारखं करते, कारण ती माणसं नसतील तर कामच अडेल.

सर्वोच्च न्यायालयाला हे ठाऊक आहे. जानेवारी 2023 मध्ये त्याने सांगितलं, की जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंगात गेला पाहिजे, आणि सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने फुकट वकील पुरवणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवलं पाहिजे. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली: जामिनासाठी 40,000 रुपयांपर्यंत, दंड भरण्यासाठी 25,000 रुपयांपर्यंत मदत. योजना चांगली आहे. पण तिची रचना पाहा. जिल्ह्यात एक समिती, समितीसमोर प्रकरण, प्रकरणासोबत अहवाल, मग मंजुरी. पैसे नाहीत म्हणून अडकलेल्या माणसाला सोडवायला आपण आणखी एक फाईल तयार केली. सात दिवसांत जामीनदार मिळाला नाही, याचा सरळ अर्थ त्याच्याकडे जामीनदार नाही असा घेऊन आठव्या दिवशी निव्वळ जातमुचलक्यावर सोडायला काय हरकत आहे? तो सुटण्यालायक आहे हे न्यायाधीशांनी आधीच ठरवलेलं आहे. पुढची अट त्याच्या वागणुकीची परीक्षा घेत नाही, त्याच्या नातेवाइकांची मालमत्ता मोजते.

आता जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479. ज्याला पूर्वी कधीच शिक्षा झालेली नाही अशा कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला जातमुचलक्यावर सोडायचं. इतरांना निम्म्या काळानंतर जामीन. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळलेले आहेत. घरात शिरून केलेल्या चोरीला कमाल सात वर्षं. म्हणजे 2 वर्षं 4 महिने झाले की दार उघडायला हवं. ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे जुन्या प्रकरणांनाही लागू केलं. जुन्या कायद्याच्या तुलनेत एक सुधारणा खरोखर मोलाची आहे: मुदत भरली की कोर्टाला लेखी कळवण्याची जबाबदारी आता तुरुंगाच्या अधीक्षकावर टाकलेली आहे. मागण्याचं ओझं इथे पहिल्यांदा थोडं सरकलं.

पण थोडंच. अधीक्षकाने कळवलं नाही तर काय, हे कलमात नाही. दिवस मोजण्यात काही कठीण नाही. आत आल्याची तारीख आणि गुन्ह्याचं कलम या दोन्ही गोष्टी तुरुंगाच्या संगणकात असतात. विजेचं बिल थकलं की मीटर कापायला माणूस बरोबर त्या तारखेला दारात येतो. ती शिस्त सरकारकडे आहेच, फक्त ती सुटकेच्या बाजूला वापरली जात नाही.

आणि याच कलमाचं दुसरं उपकलम पुष्कळांच्या नजरेतून सुटतं. माणसावर एकापेक्षा जास्त गुन्ह्यांची किंवा अनेक प्रकरणांची चौकशी, तपास वा खटला प्रलंबित असेल तर हा फायदा त्याला मिळणार नाही. वाचायला रास्त वाटतं. सराईत गुन्हेगाराला कशाला सोडा! पण महाराष्ट्रात एखाद्या पारधी वस्तीवर जाऊन हे कलम वाचून दाखवा. आसपासच्या चार गावांत चोरी झाली की पहिली गाडी त्या वस्तीवर येते. एकदा उचललेल्या पोराचं नाव पुढच्या तीन उघड न झालेल्या गुन्ह्यांत ‘वर्ग’ होतं. दोष सिद्ध एकही नाही, पण प्रकरणं चार, म्हणून एक तृतीयांशही नाही आणि निम्माही नाही. पारध्यांसारख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला, त्या दिवसाची आपण आठवण ठेवतो, भाषणं करतो. ऑक्टोबर 2024 मध्ये सुकन्या शांता या मुंबईच्या पत्रकाराच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांमधले जातीवर आधारलेले नियम रद्द केले. कुणी झाडू मारायचा, कुणी स्वयंपाक करायचा हे जातीवरून ठरवणारे, आणि विमुक्त जमातींच्या माणसाला जन्मानेच सराईत समजणारे. नोंदवहीतला जातीचा रकानासुद्धा काढायला सांगितला. फार मोठा निकाल. पण रकाना गेला तरी ‘अनेक प्रकरणे’ हा नवा रकाना तेच काम चोख करू शकतो, हे त्या उपकलमाच्या समर्थकांनी ध्यानात घ्यावं.

इथे एक विचित्र गोष्ट घडते, आणि फौजदारी कोर्टात वावरणाऱ्या कुणालाही ती सांगावी लागत नाही. शिक्षा झालेल्या कैद्याला आपली सुटकेची तारीख माहीत असते. त्याला शिक्षेत सूट मिळते, नियमात बसलं तर संचित रजा (फर्लो), अभिवचन रजा (पॅरोल) मिळते. कच्च्या कैद्याला यातलं काहीही नाही; फक्त पुढची तारीख. म्हणून किरकोळ गुन्ह्यातला माणूस वर्ष-दीड वर्षानंतर वकिलाला सांगतो, साहेब, कबूल करून टाका. न्यायाधीश विचारतात, गुन्हा कबूल आहे का? हो. भोगलेली कैद हीच शिक्षा. संध्याकाळी तो घरी. निर्दोष असल्याचं म्हणत राहणं दोष पत्करण्यापेक्षा महाग पडतं, आणि अशा कबुल्या आपल्या दोषसिद्धीच्या आकड्यांत दिमाखाने जमा होतात.

तारखेचीही एक गंमत आहे. बंद्याला कोर्टात न्यायचं तर पोलीस मुख्यालयातून बंदोबस्ताची ‘पार्टी’ यावी लागते. मंत्र्यांचा दौरा, गणेशोत्सव, निवडणूक, मोर्चा, काहीही असलं की पार्टी नाही, आणि पार्टी नाही म्हणून आरोपी गैरहजर, म्हणून पुढची तारीख. आता व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंग, आलं आहे. पडद्यावर काही सेकंद चेहरा दिसतो, नाव पुकारलं जातं, ‘न्यायालयीन कोठडीत वाढ’, पुढचा. वेळ वाचतो हे खरं. पण बरॅकमध्ये मार बसलेला माणूस मागे शिपाई उभा असताना पडद्यावरून न्यायाधीशाला पाठ दाखवू शकत नाही. कोर्टातल्या लाकडी पिंजऱ्याजवळ वकिलाशी, भावाशी कुजबुजत होणारं चार वाक्यांचं बोलणं, जे त्याच्यासाठी महिन्याभरातलं सर्वांत महत्त्वाचं बोलणं असे, तेही गेलं.

आतल्या गोष्टी बाहेर येतात त्या कशा? 1982 मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगात 15 महिला बंद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसे यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने निर्मला निकेतनच्या डॉ. आर्माइटी देसाई यांना आत पाठवून खातरजमा करून घेतली आणि 1983 मध्ये महिलांच्या कोठड्यांसाठी नियम घालून दिले. त्यानंतर 34 वर्षांनी, जून 2017 मध्ये, भायखळ्याच्या महिला कारागृहात एका महिला बंद्याचा मृत्यू झाला. दोन अंडी आणि पाच पाव हिशेबात कमी भरले म्हणून कर्मचाऱ्यांनी तिला मारल्याचा आरोप झाला, सहा जणींना अटक झाली. पण त्याआधी काय घडलं? बाकीच्या बंदिनींनी आवाज उठवला तेव्हा त्यांच्यावरच दंगलीचा गुन्हा नोंदवला गेला. तक्रार करण्याचा हक्क त्यांना होताच. वापरला, तर त्याची किंमत एक नवा गुन्हा.

तळोजा तुरुंगातल्या 2020 च्या दोन गोष्टी सर्वांना आठवत असतील. भीमा कोरेगाव प्रकरणातले आरोपी, कंपवाताने हात थरथरणाऱ्या फादर स्टॅन स्वामींना नळीचा पेला हवा होता. त्यासाठी विशेष न्यायालयात अर्ज करावा लागला, तपास यंत्रणेने उत्तराला 20 दिवस मागितले, आणि पेला मिळायला काही आठवडे गेले. जुलै 2021 मध्ये, 84 व्या वर्षी, जामिनाचा अर्ज सुनावणीला असतानाच ते गेले. त्याच प्रकरणातल्या गौतम नवलखांचा चष्मा हरवला, घरून पाठवलेला नवा चष्मा तुरुंगाने परत पाठवला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाला माणुसकीची आठवण करून द्यावी लागली. या दोघांच्या आरोपांबद्दल वाचकांची मतं काहीही असोत. पेला आणि चष्मा यांचा आरोपाशी संबंध नाही. आणि त्यांच्या पाठीशी निदान वकील होते, वर्तमानपत्रं होती. शेजारच्या बरॅकमधल्या, ज्याला नीट दिसत नाही अशा म्हाताऱ्याचा अर्ज कुणी लिहायचा?

तिसरी गोष्ट कमी लोकांना आठवेल. माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून प्रा. साईबाबांसोबत नागपूरच्या तुरुंगात असलेला गडचिरोलीचा एक तरुण आदिवासी शेतकरी ऑगस्ट 2022 मध्ये कैदेतच आजाराने वारला. मार्च 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या प्रकरणातल्या सगळ्यांना निर्दोष ठरवलं, त्यालाही. अशा माणसाच्या घरच्यांना काय द्यायचं, याचा कायदा आपल्या देशात आजही नाही. विधी आयोगाने 2018 मध्ये आपल्या 277 व्या अहवालात चुकीच्या खटल्यांसाठी भरपाईची शिफारस केली होती. ती तशीच पडून आहे.

‘आणि ज्यांचं माणूस मारलं गेलं त्यांच्या हक्कांचं काय?’ हा प्रश्न खरा आहे, आणि तो विचारणाऱ्यावर खेकसणारे लोक मला आवडत नाहीत. पण तो नीट पुढे न्यायला हवा. 11 जुलै 2006 ला मुंबईच्या लोकलमध्ये झालेल्या स्फोटांत 180 हून अधिक माणसं गेली. 19 वर्षांनी, जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाने शिक्षा झालेल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यांतला एक 2021 मध्येच कोविडने नागपूरच्या तुरुंगात गेला होता. सर्वोच्च न्यायालयात अपील आहे. पण आज त्या 180 घरांना काय मिळालं? कुणाला तरी आत ठेवलं आहे, या समाधानावर व्यवस्थेने 19 वर्षं काढली. आरोपीचे हक्क पायदळी तुडवून तपास झाला की पहिला बळी आरोपीचा जातो आणि दुसरा फिर्यादीचा. राहिला शिक्षा झालेल्यांचा प्रश्न. न्यायालय सश्रम कारावास सुनावतं. क्षयरोग, खरूज आणि शेजाऱ्याच्या अंगावर पाय टाकून झोपणं सुनावत नाही. ते कुणीतरी नंतर आपल्या अधिकारात वाढवलेलं असतं.

या देशात राज्य करणाऱ्यांइतका तुरुंगाचा अनुभव क्वचितच कुठल्या देशाच्या सत्ताधाऱ्यांना असेल. टिळक-आगरकर 1882 मध्ये डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस होते. आणीबाणीत येरवडा आणि नाशिकरोड संघवाल्यांनी आणि समाजवाद्यांनी भरले होते. त्यांतले किती तरी पुढे मंत्री झाले. तरीही तुरुंग इतकी वर्षं 1894 च्या कायद्याने चालले. प्रत्येक पक्षाला कैद्यांचे हक्क आपला माणूस आत गेल्यावर सापडतात आणि तो बाहेर आल्यावर हरवतात. मालेगाव स्फोटातले आरोपी जुलै 2025 मध्ये सुटले तेव्हा त्यांच्या कोठडीतल्या वर्षांबद्दल हळहळणारे आणि भीमा कोरेगावच्या आरोपींच्या कोठडीबद्दल हळहळणारे, या दोन गटांनी एकमेकांचे लेख नुसते बदलून घेतले तरी चालेल, मागणी शब्दशः तीच आहे.

जाता जाता मताचा विषय. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 62(5) प्रमाणे तुरुंगात असलेल्याला मतदान करता येत नाही, कच्च्या कैद्यालाही नाही. पण कच्च्या कैद्याला निवडणूक लढवता येते. 1977 मध्ये जॉर्ज फर्नांडिस तुरुंगातूनच मुझफ्फरपूरमधून प्रचंड मतांनी निवडून आले. देशाचा कायदा करायला जाता येतं, तो करणारा निवडता येत नाही! चार लाखांहून जास्त कच्च्या कैद्यांची मतं मोजलीच जाणार नसतील तर कुठल्या आमदाराला बरॅकमधल्या संडासांची संख्या पाठ असणार?

डिसेंबर 2024 मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कारागृह आणि सुधार सेवांचं नवं विधेयक मंजूर केलं. खुली कारागृहं, महिलांसाठी वेगळी सोय, असं बरंच चांगलं त्यात आहे. खुल्या तुरुंगांची आपल्याकडे जुनी परंपराही आहे. औंध संस्थानाने 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला भिंती नसलेली कैद्यांची वसाहत वसवली होती आणि माणसं पळून जातील ही भीती तिने खोटी ठरवली. पण कायदा खरा काय आहे ते त्याच्या नियमांत आणि फॉर्ममध्ये कळतं, आणि माझी मागणी तिथली आहे. शिक्षा झालेल्याची सुटकेची तारीख तुरुंगाच्या वहीत असते, तशी कच्च्या कैद्याची कलम 479 ची तारीख तो दाखल होईल त्याच दिवशी त्याच्या हिस्टरी तिकिटावर, म्हणजे तुरुंगातल्या त्याच्या नोंदपत्रावर, लिहा, एक प्रत त्याच्या घरी पाठवा आणि पोच घ्या. ती तारीख संगणकाने संबंधित कोर्टाच्या त्या दिवसाच्या बोर्डावर (सुनावणीच्या यादीत) आपोआप लावावी, अधीक्षकाच्या पत्राची वाट न बघता. फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहे, त्यामुळे राज्याने राष्ट्रपतींच्या संमतीने आणखी दोन दुरुस्त्या कराव्यात: जामिनाच्या आदेशानंतर सात दिवस उलटले की जामीनदाराची अट गळून पडेल, आणि ‘अनेक प्रकरणे’ मोजताना ज्यांत दोषारोपपत्रच दाखल झालेलं नाही अशी प्रकरणं धरली जाणार नाहीत. माणूस खरोखर धोकादायक असेल तर सरकारी वकिलाला विरोध करायची पूर्ण मोकळीक असावी. त्याने मुदत संपायच्या आत कारण लेखी द्यावं, त्यावर आपलं नाव आणि सही घालावी, आणि ते कारण कैद्याला वाचून दाखवलं जावं. ठरलेल्या दिवशी असा कागद फाईलला नसेल तर त्या माणसाला संध्याकाळी कैद्यांची गिनती (मोजणी) होण्याच्या आत सोडावं.